बाणावरची अक्षरे

विदर्भाच्या राजकन्येचे लग्न लागले आणि नवरदेव तिला घेऊन अयोध्येकडे निघाला. वधूचा भाऊ, कुंडिनपूरचा भोज राजा, तीन मुक्काम त्यांच्यासोबत चालला आणि मग मागे फिरला. स्वयंवरात नाकारले गेलेले राजे याच क्षणाची वाट पाहत होते. अज आणि इंदुमती यांचा रस्ता त्यांनी अडवला. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या सातव्या सर्गात ही लढाई आहे, आणि तिच्यात एक तपशील असा आहे की जो वाचून पुढे जाणाऱ्याने पुन्हा मागे यावे.

जुन्या युद्धरीतीनुसार धनुर्धराने समोरच्याला आपले नाव व कुळ सांगायचे आणि मगच बाण सोडायचा. या लढाईत मात्र रणवाद्यांचा कल्लोळ इतका की तोंडाने सांगितलेले कोणाला ऐकू जाईना. मग नाव कसे कळले? कालिदास सांगतो की ते बाणांवरच्या अक्षरांनी कळवले. अंगात रुतलेला किंवा ढालीवर आदळून पडलेला बाण वाचायचा आणि तो कोणी मारला हे जाणून घ्यायचे.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. भोजाचे कुंडिनपूर म्हणजे परंपरेने आजचे कौंडण्यपूर, अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीच्या काठावरचे गाव. नदी ओलांडली की वर्धा जिल्ह्याचा आर्वी तालुका लागतो. हीच नदी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात ‘वरदा’ या नावाने येते. तिथे विदर्भाचे राज्य दोन भावांत वाटले जाते आणि वरदा ही दोन वाट्यांची सीमा ठरते. आज ती दोन जिल्ह्यांची सीमा आहे. काही नद्यांच्या नशिबी हेच काम लिहिलेले असावे.

अजाने ती लढाई जिंकली ती संमोहनास्त्राने. शत्रूचे सैन्य उभ्याउभ्या झोपी गेले. त्यानंतर त्याने काय केले हे अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. रक्ताने माखलेल्या बाणांच्या टोकांनी त्याने त्या राजांच्या ध्वजांवर मजकूर लिहवला: रघुपुत्राने तुमचे यश तेवढे नेले आहे, प्राण नेलेले नाहीत, आणि तेही दयेपोटी. म्हणजे एकाच सर्गात बाणावर लिहिलेले अक्षरही आहे आणि बाणाने लिहिलेले अक्षरही.

शस्त्रावर नाव घालण्याची ही हौस बाणाच्याच बाबतीत इतकी आग्रही का, हा खरा प्रश्न. तलवार मालकाच्या मुठीत राहते. भाला फेकला तरी तो कोणी फेकला हे बहुधा दिसते. बाण मात्र सुटल्यावर मालकाचा राहत नाही. तो शेकडो इतर बाणांच्या गर्दीत जातो, दूर कोठेतरी पडतो आणि त्याच्याजवळ त्या वेळी सोडणारा नसतो. रानात एकाच सांबरावर चौघांनी बाण टाकले तर शिकार कोणाची? रणात एक सेनापती पडला तर तो कोणी पाडला? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे बाणाचा मागचा भाग. पुढचा भाग तर मांसात गेलेला असतो.

म्हणूनच जगभर बाणावरचे रंगाचे पट्टे, दोऱ्याची वेटाळणी, खुणा, अक्षरे बहुतांशी मागच्या अर्ध्या भागात सापडतात. शोभा हा त्यांचा एक हेतू होता हे खरेच, पण ती शोभा कोठे बसवायची हे उपयोगाने ठरवले.

बाणाची घडण समजून घेतली की हे अधिक स्पष्ट होते. संस्कृतात बाणाला ‘शर’ म्हणतात आणि शर हे मुळात एका गवताचे नाव. सरळ, हलके, आतून पोकळ किंवा भुसभुशीत असे हे बोरूच्या जातकुळीतले गवत. ज्या प्रकारच्या काडीला तासून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोरूची लेखणी केली गेली, तशाच काडीला टोक आणि पिसे लावून बाण केला गेला. लेखणी आणि बाण एकाच बनातून निघाले, तेव्हा बाणावर अक्षर यावे यात फारसे नवल नाही. बाणाच्या दांडीला संस्कृत शब्द ‘काण्ड’. उसाचे कांडे म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. दोन कांड्यांमधला सांधा ते ‘पर्व’, आपले पेर. चांगल्या बाणाला ‘सुपर्व’ हे विशेषण लागते, म्हणजे ज्याची पेरे नीट आहेत असा. पेराशी काडी वाकडी असली की बाण वाकडा जातो.

‘वसिष्ठ धनुर्वेदा’त बाणाची मापे दिली आहेत. लांबी दोन हातांना एक मूठ कमी, जाडी करंगळीएवढी. प्रत्येक बाणाला चार पिसे, प्रत्येक पीस सहा अंगुळे लांब. शिंगाच्या धनुष्यासाठी केलेल्या बाणाला मात्र दहा अंगुळांचे पीस. पिसे कोणाची? कावळा, हंस, ससाणा, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर अशी यादी येते. ती बाणावर बसवायची कशाने? स्नायूंच्या तंतूंनी, म्हणजे जनावराच्या तातीने, घट्ट गुंडाळून. बाणाचेही तिथे स्त्री, पुरुष आणि नपुंसक असे भेद आहेत. पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष, सर्वत्र सारखा तो नपुंसक, आणि नेमबाजीच्या सरावासाठी हा तिसराच उत्तम मानलेला आहे.

येथे थोडे थांबावे, कारण सगळी मेख या वेटाळणीत आहे. बाणाच्या मागच्या टोकाला खाच असते आणि तिच्यात दोरी बसते. दोरी सुटली की सगळा जोर त्या खाचेवर एका क्षणात येतो. पोकळ काडी त्या जोराने उभी चिरते. ती चिरू नये म्हणून खाचेच्या खाली ताती किंवा दोरा वेटाळावा लागतो, अनेकदा काडीच्या आत लाकडाचा तुकडाही ठोकावा लागतो. पिसांची पुढची व मागची टोके हवेने उचकटू नयेत म्हणून तिथेही वेटाळणी. तातीला पाणी लागले की ती सैल पडते, म्हणून तिच्यावर राळ, लाख किंवा रोगण चढवायचे. रोगण चढवायचेच आहे तर त्यात रंग मिसळायला कितीसा खर्च? वेटाळणी, रोगण, रंग असा हा क्रम आहे. रंगाचा पट्टा म्हणजे बांधणीवरचा शेवटचा थर, आणि त्याच थरात मालकाने आपली ओळख ठेवली.

हे केवळ आपल्याकडचे नाही. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या भात्यात १४ बाण होते आणि त्यांतले फक्त २ पूर्ण झालेले होते. त्या दोघांची पिसे एका वनस्पतीच्या धाग्याने बांधलेली आणि भूर्जाच्या डांबराने चिकटवलेली आहेत. डेन्मार्कच्या नायडम येथील दलदलीत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतले बाण मिळाले. त्यांच्या दांड्यांवर मालकीच्या खुणा आहेत आणि काहींवर रून लिपीतील अक्षरेही. ओली दलदल आणि बर्फ यांनी लाकूड राखले. विदर्भाच्या काळ्या मातीने ते राखले नाही.

वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथे लोहयुगीन दगडी वर्तुळे आहेत. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही त्याच संस्कृतीची प्रसिद्ध स्थळे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात या लोकांनी आपले मृत पुरताना त्यांच्यासोबत लोखंडी हत्यारे ठेवली, घोड्यांची आभूषणे ठेवली. माहुरझरीच्या लोखंडी वस्तूंत बाणांची टोकेही आहेत. गंजलेले पाते हाती येते, त्यामागची काडी कुजून गेलेली असते, आणि काडीसोबत वेटाळणी, पिसे, रंग सगळेच गेलेले असते. शस्त्रांचा इतिहास लोखंडाचाच इतिहास वाटतो तो यामुळे. जी बाजू मारते ती उरली, जी बाजू ओळख सांगते ती गेली. ती दुसरी बाजू पाहायची तर ग्रंथांकडे वळावे लागते.

कालिदासाला हा विषय फार प्रिय दिसतो. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात तरुण रघू इंद्राशी लढतो आणि आपल्या नावाची खूण असलेला बाण थेट इंद्राच्या बाहूत रुतवतो. लगेच दुसरा, मोराच्या पिसांचा बाण त्याचा ध्वज तोडतो. देवांच्या राजाला कळले पाहिजे की हे कोणी केले! पण या कल्पनेतून एक अख्खा अंक उभा राहतो तो ‘विक्रमोर्वशीया’त.

पाचव्या अंकात एक गिधाड पुरूरव्याचा संगमनीय मणी मांसाचा तुकडा समजून पळवते. राजा धनुष्य मागवतो, तोवर पक्षी टप्प्याबाहेर गेलेला असतो. थोड्या वेळाने कंचुकी तो मणी आणि एक बाण घेऊन येतो. कोणीतरी त्या गिधाडाला पाडले आहे. बाणावर नाव आहे, पण म्हाताऱ्या कंचुकीच्या डोळ्यांना अक्षरे लागत नाहीत. मग राजा स्वतः वाचतो. बाण कुमार आयूचा आहे, उर्वशीच्या पोटी जन्मलेल्या, पुरूरव्याच्या मुलाचा.

राजाला आपल्याला मुलगा आहे हेच ठाऊक नाही. उर्वशीने तो जन्मताच च्यवन ऋषींच्या आश्रमात सत्यवती नावाच्या तापसीकडे लपवून ठेवला होता, कारण इंद्राची अट अशी की राजाने मुलाचे मुख पाहिले की उर्वशीने स्वर्गात परतायचे. आश्रमात वाढलेल्या मुलाने पक्षी मारून आश्रमाचा नियम मोडला, म्हणून तापसी त्याला आईच्या स्वाधीन करायला घेऊन येते. बाप लेकाला जवळ घेतो त्याच घटकेला उर्वशीची जाण्याची वेळ भरते. बाणावर ती ओळ नसती तर गिधाड मेले असते, मणी मिळाला असता आणि गुपित गुपितच राहिले असते. शेवटी नारद इंद्राचा निरोप आणतो आणि उर्वशीला राजाच्या आयुष्यभर राहण्याची मुभा मिळते. तो निरोप येईपर्यंतची घालमेल मात्र काडीवरच्या एका ओळीने घडवलेली आहे.

ती ओळ नव्हे, खरे तर तो पूर्ण अनुष्टुभ श्लोक आहे. अनुष्टुभाची अक्षरे ३२. एवढा मजकूर बाणावर मावेल का? मजेखातर हिशेब करून पाहावा. हात २४ अंगुळांचा, दोन हातांची ४८ झाली. मुठीची ४ वजा केली तर दांडी ४४ अंगुळांची. मागची ६ पिसांना गेली, उरली ३८. पुढचे टोक बसवायला आणि धनुष्यावर टेकायला थोडी जागा सोडली तरी अंगुळाला एक अक्षर या मापाने ३२ अक्षरे काडीच्या लांबीने बसतात. करंगळीच्या जाडीवर अक्षर बारीक काढावे लागणार हे उघड आहे. कंचुकीला ते वाचता आले नाही, त्यात त्याच्या वयाचा दोष किती आणि लिहिणाऱ्याचा किती हा प्रश्न उरतोच.

कालिदासाच्या काळी विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्या ताम्रपटांची ब्राह्मी लिपी पेटिकाशीर्षक म्हणून ओळखली जाते, कारण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक चौकोनी पेटी असते. ताम्रपटावर ती देखणी दिसते. गोल, निसरड्या, करंगळीएवढ्या काडीवर अशा ३२ पेट्या काढणाऱ्या कारागिराची मात्र कीव यावी.

काव्यातले हे नामांकित बाण राजपुत्रांचे आहेत, हे विसरता कामा नये. राजपुत्राला नाव असते, नावाला कीर्ती असते आणि ते काडीवर घालायला कारागीर असतो. साध्या धनुर्धराला अक्षरापेक्षा खूण सोयीची. दोन तांबडे पट्टे आणि मध्ये एक काळा, एवढे त्याला स्वतःला ओळखता येते आणि शेजाऱ्यालाही, मग दोघांना लिहिता येवो वा न येवो. ‘वाल्मीकिरामायणा’च्या सुंदरकांडात अशोकवनातली सीता रावणाला बजावते की राम-लक्ष्मणांच्या खुणांचे बाण लवकरच लंकेवर कोसळतील. तिथे शब्द ‘लक्षण’ असा आहे, ‘नाम’ असा नाही. लक्षणात नावही येते आणि रंगाचा पट्टाही येतो. कालिदासाने त्याच्या काही शतके नंतर ‘अक्षर’ हा शब्द योजला. खुणेपासून अक्षरापर्यंतचा प्रवास या दोन शब्दांमध्ये दिसतो असे म्हणणे थोडे धाडसाचे होईल, पण फार धाडसाचे नाही.

शस्त्रांवरच्या सजावटीवरून मालक ओळखण्याचा सर्वांत रंगतदार प्रसंग महाभारताच्या विराटपर्वात आहे, आणि तो महाराष्ट्रात प्रत्येक दसऱ्याला आठवला जातो, निदान आठवायला हवा. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे शमीच्या झाडावर लपवली. विराटाचा मुलगा उत्तर ती खाली काढतो आणि विस्मयाने विचारत सुटतो: हे कोणाचे, ते कोणाचे? एका धनुष्यावर सोन्याचे हत्ती, दुसऱ्यावर सोन्याचे साठ इंद्रगोप, म्हणजे आपले मृगाचे किडे. तिसऱ्यावर तीन सूर्य, चौथ्यावर रत्नजडित टोळ. बाणांचेही तसेच. काहींना गिधाडाची पिसे, काहींची मागची बाजू पोपटाच्या पंखांच्या रंगाची, एका काळ्या भात्यावर पाच वाघ. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन एकेक धनुष्य दाखवून सांगतो: हत्तींचे भीमाचे, इंद्रगोपांचे युधिष्ठिराचे, सूर्यांचे नकुलाचे, टोळांचे सहदेवाचे. वर्षभर नाव लपवून राहिलेल्या पाच माणसांची ओळख प्रथम उघड होते ती त्यांच्या शस्त्रांवरच्या चित्रांनी. उत्तर आधी शस्त्रे पाहतो, माणसे नंतर ओळखतो.

आणि मग युद्धाच्या दहाव्या दिवशीचा भीष्म. पुढे शिखंडी, मागे अर्जुन, आणि शिखंडीवर बाण सोडायचा नाही ही भीष्माची प्रतिज्ञा. अंगात बाण शिरत असताना भीष्म दुःशासनाला हसत सांगतो की हे बाण अर्जुनाचे आहेत, शिखंडीचे नव्हेत. येथे तो अक्षर वाचत नाही, पट्टा पाहत नाही. कवचातून मर्मापर्यंत जाणाऱ्या वेदनेवरून तो हात ओळखतो, आणि तो हात त्याच्याच नातवाचा आहे. पुढे शिखंडीला कितीही पुढे उभे केले असले तरी बाण कोणाचा हे ज्याला लागला त्यानेच सांगून टाकले. बाणावरची खूण जे काम करते ते इथे खुणेवाचून झाले.

लपून मारलेल्या बाणाचा दुसरा खटला वालीचा. वाल्मीकीच्या रामायणात वाली पडल्यावर रामाला खडसावतो: समोर न येता मारलेस, हा कोणता धर्म? तमिळ कवी कंबन याने याच प्रसंगात एक भर घातली. त्याचा वाली छातीतला बाण हाताने धरतो, ओढतो आणि त्यावर कोरलेले नाव वाचतो. नाव रामाचे असते. झाडामागे लपलेल्या धनुर्धराला आता लपता येत नाही. बाण मारणाऱ्याला त्या नावाखाली उभे राहून उत्तर द्यावे लागते. पिसांजवळचे नाव म्हणजे केवळ मालकी नव्हे, जबाबदारीही आहे, हे कंबनाइतके नेमके क्वचितच कोणी मांडले असेल.

वर्धा जिल्ह्याला या रामकथेशी असलेले नाते दगडात कोरलेले आहे. धाम नदीकाठचे पवनार म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, अशी ओळख वा. वि. मिराशी यांनी पटवली. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे प्राकृत महाकाव्य आहे, लंकेवरच्या स्वारीचे. विनोबा भावे १९३८ मध्ये पवनारला आले आणि त्यांच्या परंधाम आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतली काही रामकथेतल्या प्रसंगांची आहेत असे मिराशींनी दाखवले. भरत आणि राम यांच्या भेटीच्या शिल्पावरून आश्रमातल्या देवळाचे नाव भरत-राम मंदिर पडले. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारच्या टेकाडाचे उत्खनन केले. ज्या गावात एका राजाने रामाच्या बाणांवर महाकाव्य रचले, तेथे पुढे शस्त्र न धरण्याचे व्रत घेतलेला माणूस राहायला आला आणि ती शिल्पे त्याच्याच कुदळीला लागावीत, हा योगायोग इतिहासाने फुकट दिलेला आहे.

पुढे मध्ययुगात बाणाला ‘तीर’, भात्याला ‘तरकश’ आणि धनुष्याला ‘कमान’ ही फारसी नावे मिळाली आणि मराठीने ती आपलीशी केली. ‘मोठा तीर मारलास’ असे आपण आजही टोमणा म्हणून बोलतो. मोगल आणि राजपूत शस्त्रागारांतले जे बाण आज संग्रहालयांत आहेत, त्यांच्या पोकळ काड्यांवर मागच्या बाजूला तांबडे, निळे, हिरवे पट्टे आणि सोनेरी वेलबुट्टी दिसते, वरून रोगणाचा पारदर्शक थर. त्याखाली पाहिले तर तीच तातीची वेटाळणी. पण बंदुकीच्या गोळीला मागची बाजू नसते. कोणाची गोळी कोणाला लागली हे सांगणारे रंग, पिसे, अक्षरे यांना तिच्यावर जागाच नाही. रणांगणावर बाण मागे पडला तसा हा कारागीरही मागे पडला.

जपानमध्ये ही रीत शेवटपर्यंत टिकून होती. ११८५ मधील दान-नो-उरा येथील नौदल लढाईचे वर्णन ‘हेइके’ या युद्धकथेत आहे. त्यात वादा योशिमोरी हा योद्धा पाण्यापलीकडे खूप दूरवर बाण मारतो आणि शत्रूला खुणेने सांगतो की जमत असेल तर परत मारून दाखवा. शत्रूचा सेनापती बाण मागवून पाहतो तर दांडीवर लाखेने लिहिलेले नाव आहे. मग त्यांच्यातला एक तिरंदाज तो उलट मारतो आणि तो आणखी दूर जातो. फुशारकी नावासकट परत आली.

आजही नाव सुटलेले नाही. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमानुसार स्पर्धेतील प्रत्येक बाणाच्या दांडीवर खेळाडूचे नाव किंवा आद्याक्षरे असावीच लागतात. एका फेरीत वापरलेल्या सगळ्या बाणांची पिसे, मागच्या खाचा आणि दांडीवरचे रंगीत पट्टे, असतील तर, एकाच नमुन्याचे व रंगाचे हवेत. कारण तेच जुने. पात्रता फेरीत एका लक्ष्यासमोर एकाहून अधिक तिरंदाज असतात आणि पंचाला कळले पाहिजे की दहा गुणांच्या वर्तुळातला बाण कोणाचा.

दांडी आता कार्बनची आहे आणि ताती-रोगणाच्या जागी प्लास्टिकची पातळ रंगीत पट्टी आली आहे. खेळाडू तिला ‘रॅप’ म्हणतात. पिसे तुटली की ती पट्टी पिसांसकट सोलून काढता येते आणि दांडीवरचा गोंद खरवडत बसावे लागत नाही. गडद रंगामुळे गवतात चुकलेला बाण सापडतो आणि दुर्बिणीतून लक्ष्यावरचा आपला बाण ओळखता येतो. एक तोटाही आहे. पट्टीचे वजन बाणाच्या शेपटाकडे पडते आणि बाणाचा तोल किंचित मागे सरकतो. त्यामुळे दूरच्या अंतरावर मारणारे काही जण पट्टी अगदी आखूड लावतात किंवा लावतच नाहीत, नाव तेवढे बारीक लिहितात. करंगळीपेक्षा बारीक नळीवर अक्षर काढणाऱ्याची अडचण दीड हजार वर्षांत सुटलेली नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याच्या १७ वर्षांच्या आदिती स्वामीने कंपाउंड प्रकारात महिलांचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि वर्ध्याला लागून असलेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे. ओजसच्या अंतिम सामन्यात १५ बाण होते आणि १५० पैकी १५० गुण. प्रतिस्पर्ध्याचे १४९. एका गुणाच्या त्या फरकात कोणता बाण कोणाचा याचा संशय कोणालाच नव्हता.